स्नोमोबाइलचा क्लच: आधी बेल्ट, मग गिअरिंग आणि शेवटी वजने

मिनेसोटा, मिशिगनचा उत्तर भाग, ऑन्टारिओ किंवा क्यूबेक अशा बर्फाळ प्रदेशांत स्थायिक झालेली आपली माणसे काही हिवाळे काढल्यावर स्नोमोबाइल (पुढे स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी) घेण्याचा विचार करू लागतात, आणि पहिली गाडी बहुतेक वेळा सेकंड-हँड असते. गाडी घरी आली की थोड्याच दिवसांत ठरावीक तक्रारी सुरू होतात. इंजिनाचे फेरे (आरपीएम) चढतात पण वेग येत नाही, सुरुवातीला गाडी दचके मारते, जाड बर्फात बेल्ट जळल्याचा वास येतो, किंवा पूर्ण थ्रॉटल दिल्यावर फेरे मध्येच खाली बसतात. अशा वेळी कोणी ना कोणी क्लचची नवी वजने आणि स्प्रिंगा घेण्याचा सल्ला देतो. तो सल्ला लगेच मानू नका, असे मी आग्रहाने सांगेन. क्लच हा बेल्ट आणि गिअरिंग (ट्रॅककडे शक्ती नेणाऱ्या दातेरी चाकांचे गुणोत्तर) यांच्या मध्ये काम करणारा भाग आहे. ही दोन टोके ठीक नसतील, तर क्लचमध्ये केलेली प्रत्येक सुधारणा चुकीच्या पायावर उभी राहते आणि पुढे पुन्हा उलटवावी लागते.

पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

१. शक्तीचा मार्ग समजून घ्या

ज्यांनी पुण्या-मुंबईत अ‍ॅक्टिव्हासारखी गिअरलेस स्कूटर चालवली आहे, त्यांना या यंत्रणेचे मूळ तत्त्व नवे नाही. दोन पुल्या, त्यांच्यावर एक रबरी बेल्ट, आणि वेगाप्रमाणे आपोआप बदलणारे गुणोत्तर हेच तत्त्व इथेही आहे. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. स्कूटरमध्ये मागच्या पुलीजवळ वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो आणि बेल्ट सतत ताणलेला असतो. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नसतो, कारण पुढची पुली स्वतःच बेल्टला पकडते आणि सोडते. म्हणून पकड घेतानाचे सगळे घर्षण बेल्टच्या कडांवर येते, आणि म्हणूनच इथे बेल्टच्या स्थितीला स्कूटरपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर प्रायमरी क्लच, म्हणजेच पुढची पुली, बसतो. त्यातील वजने फेरे वाढताच बाहेर फेकली जातात आणि पुलीची सरकती बाजू दाबून बेल्ट वर चढवतात, तर आतली स्प्रिंग त्यांना विरोध करते. बेल्टच्या दुसऱ्या टोकाला जॅकशाफ्ट नावाच्या मधल्या दांड्यावर सेकंडरी क्लच, म्हणजे मागची पुली, असतो. त्यातील स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा तिरक्या उताराचा भाग मिळून, ट्रॅकवर ताण आला की बेल्ट अधिक घट्ट आवळतात आणि गाडीला खालच्या गुणोत्तरात आणतात. जॅकशाफ्टचे दुसरे टोक चेनकेसमध्ये जाते. तिथे वरचे लहान स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि खालचे मोठे स्प्रॉकेट चेनने जोडलेले असतात, आणि खालच्या शाफ्टवरचे दातेरी ड्रायव्हर ट्रॅक फिरवतात. पोलारिसने २०१३ च्या प्रो-आरएमके मॉडेलपासून काही गाड्यांत चेनऐवजी क्विकड्राइव्ह नावाचा दातेरी बेल्ट दिला आहे, त्यामुळे चेनकेस उघडण्याची तयारी करण्यापूर्वी आपल्या गाडीत काय आहे ते पाहून घ्या.

या रचनेत कामांची वाटणी स्पष्ट आहे. वजने आणि स्प्रिंगा इंजिन किती फेऱ्यांवर चालेल ते ठरवतात. चेनकेसमधील दात तुमच्या नेहमीच्या वेगाला बेल्ट पुल्यांवर कुठे बसेल ते ठरवतात. हे दोन्ही निर्णय प्रत्यक्षात पोहोचवण्याचे काम बेल्ट करतो.

२. कागदपत्रे आणि साधने जमवा

कागदांपैकी सर्वांत मोलाचे म्हणजे गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल. त्यात बेल्टचा पार्ट नंबर, बेल्टची नवीन रुंदी आणि झिजेची मर्यादा, ढिलाईचे माप, दोन पुल्यांमधील अंतर, कारखान्यातून आलेले स्प्रॉकेटचे दात, आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार वजने व स्प्रिंगांचा तक्ता असतो. सेकंड-हँड गाडी घेताना आधीच्या मालकाकडून, त्याने काय काय बदलले आहे, हे लिहून घ्या. वेगळ्या लांबीचा ट्रॅक किंवा मोठे ड्रायव्हर बसवले असतील, तर मॅन्युअलमधील गिअरिंगचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

साधनांमध्ये पुढील वस्तू हव्यात:

- व्हर्निअर कॅलिपर, स्टीलची पट्टी आणि सरळ कडेची लांब पट्टी
- लांबून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड थर्मामीटर
- जाड फेल्ट मार्कर
- टॉर्क रेंच, आणि आपल्याच क्लचच्या मॉडेलसाठी असलेला पुलर
- पुल्या पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडके आणि खरखरीत नायलॉनची घासणी
- चेनकेसचे तेल आणि झाकणाची नवी गॅस्केट
- वेगाच्या नोंदीसाठी जीपीएस असलेला फोन
- वही

क्लच उघडायचा असेल तर स्प्रिंग दाबून धरणारे साधन लागते. ते नसेल तर क्लच उघडू नका, कारण दबलेली स्प्रिंग सुटली तर गंभीर इजा होते.

इथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो. बेल्ट काढलेला असताना इंजिन कधीही सुरू करू नका. भार नसल्यामुळे फेरे क्षणात वाढतात आणि प्रायमरी क्लच फुटू शकतो. बेल्टवरील गार्ड काढून गाडी चालवणेही तितकेच धोक्याचे आहे.

३. बेल्टची नीट परीक्षा करा

बेल्ट काढून उजेडात धरा आणि त्याची कड हळूहळू बोटांमधून फिरवत पूर्ण फेरी तपासा. नवीन बेल्टची कड मंद, एकसारखी आणि किंचित खरखरीत असते. कड आरशासारखी चकचकीत दिसत असेल, तर बेल्ट घसरत आला आहे. एका ठिकाणी दोन्ही बाजूंनी खोलगट झीज दिसत असेल आणि तिथे बेल्टची कंबर बारीक झाली असेल, तर ट्रॅक अडकलेला असताना कोणीतरी थ्रॉटल दिला आहे. थंडीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा ट्रॅक बर्फाने जखडलेला असतो, आणि तो मोकळा न करता निघणे हे या झिजेचे नेहमीचे कारण आहे. निघण्यापूर्वी गाडीचा मागचा भाग उचलून आपटावा आणि स्की बाजूला हलवून सोडवाव्यात. एका कडेतून दोरे बाहेर आले असतील तर दोष बेल्टचा नसून पुल्यांच्या सरळ रेषेचा आहे, आणि नवा बेल्ट टाकूनही तो तसाच फाटेल.

त्यानंतर कॅलिपरने रुंदी मोजा. काही मिलिमीटरची झीज नवख्या माणसाला क्षुल्लक वाटते, परंतु पुलीच्या उताराच्या बाजूंमुळे तिचा परिणाम मोठा होतो. बारीक झालेला बेल्ट सेकंडरीत खोल बसतो आणि ढिला पडतो. प्रायमरीच्या बाजूला अधिक जवळ आल्याशिवाय त्याला पकड मिळत नाही, त्यामुळे गाडी उशिरा आणि दचक्याने निघते. शेवटच्या टप्प्यात प्रायमरीच्या दोन्ही बाजू पूर्ण मिटल्या तरी तो बाहेरच्या कडेपर्यंत चढत नाही, आणि वरचा वेग हरवतो. हे सगळे वाचताना क्लचमधील दोषांचीच यादी वाटते, आणि म्हणूनच अनेकजण इथे फसतात.

बेल्ट निवडताना फक्त लांबी जुळली म्हणून दुसऱ्या मॉडेलचा किंवा स्वस्त कंपनीचा बेल्ट घेऊ नका. कडेचा कोन, रबराचा कडकपणा आणि आतील दोऱ्यांची रचना वेगळी असली की पकड बदलते आणि पूर्ण थ्रॉटलवरचे फेरेही बदलतात. माझे मत असे की तपासणीच्या काळात तरी कारखान्याने नेमून दिलेल्या पार्ट नंबरचाच बेल्ट वापरावा, म्हणजे दिसलेला बदल कशामुळे झाला याबद्दल शंका राहत नाही. बसवताना बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवा. बाण नसेल तर छापील अक्षरे एकदा ज्या दिशेने वाचता येतील ती दिशा कायम ठेवा.

नवा बेल्ट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे साच्यातून आलेला चिकट थर निघून जातो. पहिले ५० किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळा आणि वेग सतत बदलत राहा. याच वेळी पुल्यांचे आतील चेहरे अल्कोहोलने पुसा. त्यांच्यावर ग्रीस किंवा कोणताही स्प्रे लागू देऊ नका.

४. ढिलाई आणि सरळ रेष तपासा

बेल्ट बसवल्यावर दोन्ही पुल्यांवर बेल्टच्या पाठीवरून सरळ पट्टी ठेवा, मध्यभागी बेल्ट खाली दाबा आणि पट्टीपासूनचे अंतर मोजा. बऱ्याच गाड्यांत हे माप ३० मिलिमीटरच्या आसपास असते, पण दाबण्याचा जोर आणि नेमके माप मॅन्युअलप्रमाणेच घ्या. बेल्ट फार घट्ट असेल तर आयडलवरच गाडी पुढे सरकू लागते आणि रिव्हर्स नीट पडत नाही. फार ढिला असेल तर सुटताना आवाज आणि झटका येतो. ही दुरुस्ती सेकंडरीवरील अ‍ॅडजस्टर बोल्टने किंवा पातळ वॉशरने होते, आणि तिला काही मिनिटे पुरतात.

पुल्यांची सरळ रेष त्या मॉडेलसाठी मिळणाऱ्या सळईने तपासली जाते. इंजिनाचे रबरी माउंट सैल झाले असतील तर उभ्या गाडीत रेष बरोबर दिसते आणि भाराखाली ती बिघडते. सेकंड-हँड गाडीत हे माउंट हाताने हलवून पाहा.

५. पहिली चाचणी घ्या आणि नोंदी करा

आता गाडी मोकळ्या, सुरक्षित आणि परवानगी असलेल्या सरळ पट्ट्यावर न्या. इंजिन आणि बेल्ट गरम होऊ द्या. नंतर वहीत चार गोष्टी लिहा: गाडी किती फेऱ्यांवर पकड घेते, पूर्ण थ्रॉटल धरल्यावर फेरे कुठे स्थिरावतात, जीपीएसवर वेग किती येतो, आणि थांबल्याबरोबर इंजिन बंद करून गार्ड उघडल्यावर दोन्ही पुल्यांचे तापमान किती आहे. गाडीचा स्वतःचा वेगमापक ट्रॅकचा वेग दाखवतो, आणि बर्फात ट्रॅक घसरत असतो, म्हणून जीपीएसचा आकडा धरा. तापमान हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे असे मी मानतो, कारण वाया गेलेली प्रत्येक शक्ती उष्णता होऊन तिथेच जमा होते. पुल्या ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असतील तर काम चांगले चालले आहे. ९० अंशांच्या पुढे गेल्या तर बेल्ट घसरतो आहे असे समजा.

६. मार्करची रेष: बेल्ट कुठवर चढतो ते पाहा

ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. प्रायमरी पुलीच्या आतील चेहऱ्यावर मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत मार्करने सरळ रेघ ओढा. पूर्ण थ्रॉटलवर, वेग वाढायचा थांबेपर्यंत एक धाव घ्या आणि परत येऊन पाहा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत शाई पुसलेली असते. कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच रेघ उरली असेल तर बेल्ट पूर्ण चढला आहे. बोटभर शाई शिल्लक असेल आणि बेल्ट व फेरे दोन्ही ठीक असतील, तर गिअरिंग तुमच्या वापरासाठी उंच आहे, म्हणजे ते जोरापेक्षा वेगासाठी जुळवलेले आहे. शाई पूर्ण पुसली गेली आणि त्यानंतरही फेरे नेमलेल्या मर्यादेच्या वर जात राहिले, तर गिअरिंग खाली आहे, कारण क्लचकडे बदलायला गुणोत्तरच उरलेले नाही.

७. गिअरिंगचा हिशेब करा

हिशेब सोपा आहे, आणि तो हाताने केल्याशिवाय स्प्रॉकेट विकत घेऊ नये. समजा वर २४ दात आणि खाली ४० दात आहेत. ४० भागिले २४ म्हणजे १.६७. ड्रायव्हरला ८ दात आणि ट्रॅकची पिच (ड्रायव्हरचा एक दात सरकला की ट्रॅक जितका पुढे जातो ते अंतर) २.८६ इंच असेल, तर ड्रायव्हरच्या एका फेरीत ट्रॅक २२.८८ इंच, म्हणजे सुमारे ५८ सेंटिमीटर पुढे जातो. इंजिन ८,००० फेऱ्यांवर आणि क्लच १:१ गुणोत्तरात असताना ड्रायव्हर मिनिटाला ४,८०० फेरे घेतो आणि ट्रॅकचा वेग ताशी सुमारे १६७ किलोमीटर होतो. वर २३ दात लावले तर तो सुमारे १६० होतो, आणि २० दात लावले तर सुमारे १३९. वरच्या स्प्रॉकेटमधील एका दाताने साधारण ४ टक्के फरक पडतो. खालच्या स्प्रॉकेटमधील एका दाताने सुमारे अडीच टक्के फरक पडतो.

आता हाच हिशेब उलट बाजूने पाहा, कारण बेल्टचे आयुष्य इथे ठरते. तीच गाडी जाड बर्फात पूर्ण थ्रॉटलवर ताशी ६० किलोमीटरने ट्रॅक फिरवत आहे. २४ व ४० दातांवर जॅकशाफ्ट मिनिटाला सुमारे २,८७० फेरे घेतो, म्हणजे ८,००० फेऱ्यांच्या इंजिनासाठी क्लचला जवळजवळ २.८:१ गुणोत्तर धरून राहावे लागते. या स्थितीत बेल्ट प्रायमरीच्या तळाशी, छोट्या वर्तुळावर वाकलेला असतो, पुलीला त्याचा कमी भाग टेकतो आणि सगळा जोर त्या थोड्याशा कडेवर येतो. २० व ४० दातांवर त्याच वेगाला जॅकशाफ्ट सुमारे ३,४४० फेरे घेतो आणि गुणोत्तर २.३:१ वर येते. बेल्ट वर चढलेला असतो, त्याला अधिक पकड मिळते आणि तो थंड राहतो. इंजिन तेच, वजने तीच आणि बेल्टही तोच असून जळण्याचा वास मात्र बंद होतो.

म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा: मी सर्वाधिक वेळ कोणत्या वेगाने चालवतो? उत्तर मिशिगनच्या साफ केलेल्या ट्रेलवर ताशी ६० ते ८० किलोमीटर असेल, तर क्वचित गाठायच्या वरच्या वेगासाठी उंच गिअरिंग ठेवण्यात अर्थ नाही. गोठलेल्या तलावावर लांब सरळ धावा घेणाऱ्याचा निर्णय वेगळा असेल. लांब आणि उंच दातांचा ट्रॅक बसवलेल्या गाडीला मात्र जवळजवळ नेहमीच खालचे गिअरिंग मानवते.

८. स्प्रॉकेट बदला

वरचे स्प्रॉकेट बदलणे सहसा सोपे पडते. एका दाताच्या फरकाला बहुतेक वेळा जुनीच चेन आणि तिचा ताणक पुरतो, पण दोन्ही स्प्रॉकेटच्या दातांची बेरीज अधिक बदलली तर वेगळ्या लांबीची चेन लागते. खरेदीपूर्वी दुकानात ही बेरीज सांगा. झाकण काढल्यावर तेलात धातूचा चुरा किती आहे ते पाहा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर थोडी करडी चिकट पूड असणे स्वाभाविक आहे, पण कण किंवा तुकडे असतील तर बेअरिंग आणि चेन तपासल्याशिवाय झाकण बंद करू नका. चेनचा ताण आणि नटांचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या.

९. आता क्लचकडे वळा

बदललेल्या गिअरिंगवर पायरी ५ आणि ६ पुन्हा करा. इंजिनाचे फेरे मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर स्थिर असतील, तर क्लचला हात लावू नका. फेरे कमी असतील तर वजने हलकी करायची आणि जास्त असतील तर जड करायची. प्रत्येक वजनात १ ग्रॅमचा फरक केल्यावर साधारण १०० फेऱ्यांचा बदल होतो, हा अंदाज म्हणून धरा आणि खरे उत्तर वहीतून काढा. स्की-डूच्या टीआरए क्लचमध्ये बाहेरूनच फिरवता येणारे १ ते ६ क्रमांकांचे क्लिकर असतात, आणि त्यांचा एक टप्पा साधारण २०० फेऱ्यांचा असतो. तिन्ही क्लिकर एकाच क्रमांकावर असले पाहिजेत.

पकड घेण्याचे फेरे प्रायमरी स्प्रिंगच्या सुरुवातीच्या दाबावर, तर वरचे फेरे तिच्या शेवटच्या दाबावर बरेचसे अवलंबून असतात. हेलिक्सचा कोन मोठा केला की गाडी लवकर वर सरकते आणि फेरे उतरतात. लहान केला की फेरे टिकतात आणि वळणानंतर थ्रॉटल दिल्यावर गाडी पटकन खालच्या गुणोत्तरात येते. सेकंडरी स्प्रिंग गरजेपेक्षा मऊ असेल तर बेल्ट घसरतो, आणि गरजेपेक्षा कडक असेल तर बेल्ट विनाकारण आवळला जाऊन तापतो. एका वेळी एकच गोष्ट बदला.

१०. उंचीवर जाताना

समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढाला टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे ३ टक्के शक्ती कमी होते. मिनेसोटातील गाडी ट्रेलरवर घालून मोंटानातील वेस्ट यलोस्टोनला नेली, तर ते गाव सुमारे २,००० मीटरवर असल्यामुळे इंजिन घरच्या वजनांना पुरेसे फिरवू शकत नाही आणि फेरे खाली बसतात. तिथे क्लच बिघडलेला नसतो. तक्त्याप्रमाणे हलकी वजने लावा आणि डोंगरातील मुक्काम लांब असेल तर गिअरिंगही खाली घ्या. परत आल्यावर घरची वजने न विसरता पुन्हा चढवा, कारण हलक्या वजनांवर सखल भागात इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरते.

११. नेहमी फसवणाऱ्या काही जागा

खोल बर्फात रुतलेली गाडी थ्रॉटलच्या जोरावर बाहेर काढू नका. ट्रॅकखालचा बर्फ फावड्याने मोकळा करा आणि माणसांनी ओढा, कारण अशा काही सेकंदांत नवा बेल्टही खराब होतो. बेल्ट तुटल्यास प्रायमरी आणि सेकंडरीत अडकलेला प्रत्येक दोरा बाहेर काढा आणि हवेच्या वाटा मोकळ्या करा, नाहीतर दुसराही बेल्ट त्याच दिवशी जाईल. गाडीतील राखीव बेल्ट घरीच एकदा चालवून, मुरवून आणि गुंडाळीला तीव्र मोड न देता ठेवलेला असावा. तुटलेल्या बेल्टची जागा घेताना तो कोरा असेल, तर परतीचा सगळा रस्ता त्याला सावकाश चालवावा लागतो.

हंगाम संपल्यावर बेल्ट काढून कोरड्या जागी ठेवा, पुल्या पुसा, आणि वहीतील शेवटचे आकडे, म्हणजे दात, वजने, स्प्रिंग, बेल्टची रुंदी आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, एका कागदावर उतरवून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हुडखाली चिकटवा.